मदत हवी आहे: कायाकसाठी फायबरचा बर्फाचा डबा केलोय, आतून चिकटच राहिलाय

घटप्रभा_गळ
फायबरचं काम केलेलं कोण आहे काय इथं? कायाकच्या (वल्ह्याची छोटी होडी) सीटमागच्या खड्ड्यात बसेल असा बर्फाचा डबा करायलोय. बाहेरचं शेल एक नंबर आलंय. आतून मात्र चिकट. बोट लावलं की तारा यायलेत. वास तर असा, की आईनं डबा गच्चीवर काढून टाकलाय. दुकानदार म्हणतोय वाळेल, वाळेल. कधी वाळणार? रविवारी हिडकल धरणावर मासे धरायला जायचं ठरलंय, दोस्त लोक गोव्यातनं चोर्ला घाट चढून यायलेत. तयार डबे बघितलो, सगळे चौकोनी, आणि खड्डा मागं निमुळता होत जातो. म्हणून घरात करायलोय. "विकत घे" म्हणून सांगू नका. लवकर सांगा.

निपाणी_नाका
विकत घे की भावा. मासळीवाल्यांकडचा थर्माकोलचा डबा, वरनं ताडपत्री, दोन बंजी दोऱ्या. रविवारचं काम झालं.

उद्यमबाग_फिटर
रेझिन कुठलं? हार्डनर किती घातलास? कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारं औषध) वेगळा दिला होता की रेझिनमध्ये आधीच मिसळलेला? आतनं मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) कशावर मारलीस: प्लाय, थर्माकोल, पफ (कडक पीयू फोम)? किती थर? कुठं केलास, उघड्यावर की खोलीत? यातलं एकही न सांगता "लवकर सांगा" म्हणतोस. डॉक्टरकडं जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणायलायस तू.

घटप्रभा_गळ
रेझिन म्हणजे रेझिन, सगळे वापरतात ते. कॅनमधनं ओतून दिला, गुलाबीसर होतं. हार्डनर बुचानं घातलो. आत पफची शीट आहे, चार सेंटिमीटर, त्यावर मॅट. फोटो चढत नाही.

विमान_मॉडेल
पॉलिस्टर रेझिन वापरलंस तिथंच गाडी घसरली. मी मॉडेलच्या विमानांचं सगळं काम इपॉक्सीत, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये, करतो. वास फारसा नाही, चिकटपणा नाही, फारसं आकसत नाही. वरून इपॉक्सीचा एक हात मार आणि विषय संपव.

उद्यमबाग_फिटर
थांबा, थांबा. खालचं पॉलिस्टर कच्चं असताना वर इपॉक्सी मारली तर दोन्ही गेली. पॉलिस्टर पूर्ण पिकलेलं, म्हणजे आतपर्यंत कडक झालेलं असेल आणि घासून खरबरीत केलं असेल तर इपॉक्सी धरते, मान्य. पण याचा डबा चिकट आहे हाच तर प्रश्न आहे. आणि विमानाला दीड वाटी इपॉक्सी लागते, इथं डब्याला किलोच्या हिशेबात लागणार. पैसे तुम्ही देणार काय?

विमान_मॉडेल
पैशाचा विषय नाही, क्वालिटीचा आहे. थर्माकोलवर पॉलिस्टर मारून बघा, त्यातलं स्टायरीन हे द्रावण थर्माकोल खाऊन टाकतं. इपॉक्सीखाली थर्माकोल जसाच्या तसा राहतो.

उद्यमबाग_फिटर
खरं आहे. पण त्यानं थर्माकोल वापरलाच नाही. पफ वापरलाय, त्याला स्टायरीननं काही होत नाही. वर लिहिलंय त्यानं, वाचा की. शिवाय ही साधी मॅट असणार. तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून पॉलिस्टरनं ती मऊ होऊन कोपऱ्यात बसते. इपॉक्सीत ती तशीच ताठ राहते, तिथं विणलेलं कापड घ्यावं लागतं.

शहापूर_वहिनी
श्रावण संपला का हो तुमच्याकडं?

घटप्रभा_गळ
संपला वहिनी, गणपती पण गेले. विषयावर या की लोकहो. पहिलं मिक्स भांड्यातच गोठलं, धूर यायला लागला. म्हणून दुसऱ्याला हार्डनर अर्धंच घातलो. ते बरोबरच आहे की.

उद्यमबाग_फिटर
हं. आता सापडलं. दुसरं मिक्स डब्यात कुठं गेलं?

घटप्रभा_गळ
तळाला आणि खालच्या कोपऱ्यांना. संध्याकाळ झाली होती, पाऊस पण सुरू झाला होता. मागच्या शेडमध्येच केलो, नुसता पत्रा आहे वर.

मालवणी_फायबर
बाबा रे, पावसात उघड्यार फायबराचा काम करूचा नाय. आमच्याकडे होडये पावसात वर काढलेले असतत, तेव्हाच डागडुजी होता, पण शेड बंद करून आणि आत बल्ब लावून. हवा दमट आणि गार असली काय रेझिन झोपता. फिटर विचारतत ता सगळा खरा सांग.

उद्यमबाग_फिटर
आता नीट ऐक. चिकट राहण्याची दोन कारणं असतात आणि दोघांची औषधं वेगळी.

एक: साधं पॉलिस्टर हवेला लागलेल्या बाजूनं पूर्ण पिकत नाही. ऑक्सिजन आड येतो. साच्याला टेकलेली बाजू कडक होते, उघडी बाजू जरा चिकट राहते. थरावर थर मारायचा असेल तर ते बरंच असतं, पुढचा थर चांगला धरतो. म्हणूनच तुझं बाहेरचं शेल साच्यातनं चकाचक निघालं आणि आतली बाजू हाताला लागायली. शेवटच्या हातात रेझिनमध्ये मेणाचं सोल्यूशन घालतात. रेझिन पिकताना मेण वर तरंगून येतं आणि हवा बंद करतं. दुकानात टॉपकोट मागितलास तर देतील.

दुसरं: हार्डनरच कमी पडलं. मग वरचा पापुद्राच नाही, थर खोलवर कच्चा असतो. एक किलो रेझिनला साधारण 10 ते 20 मिली हार्डनर. बूच ही काही मापाची वस्तू नव्हे, मेडिकलमधनं सिरिंज आण. पहिलं मिक्स तापलं ते एकाच खोल भांड्यात जास्त केलास म्हणून. पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं करायचं असतं, हार्डनर निम्मं करायचं नसतं.

तर आता अंगठ्याचं नख दाबून बघ. बाजूंना आणि तळाला, दोन्हीकडं. खाली दगडासारखं लागून वरच चिकटत असेल तर पहिलं कारण. नख रुतत असेल तर दुसरं.

कंग्राळी_खुर्द
कोबाल्ट वेगळा मिळतो तो आणून थोडा अजून टाकला तर लवकर वाळेल की.

उद्यमबाग_फिटर
अजिबात नको! ज्या रेझिनमध्ये आधीच कोबाल्ट आहे त्याला वरनं लागत नाही. याचं गुलाबीसर होतं म्हणजे बहुतेक घातलेलाच आहे. आणि हे सगळ्यांसाठी: हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही ओतायचं नाही. भडका उडतो, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मगच हार्डनर. दोन्हीचे चमचे सुद्धा वेगळे.

दांडेली_रिटर्न
कायाकवर मासे ठेवायचा डबा म्हणजे मगरीला आमंत्रणच. काळी नदीत दांडेलीकडं केवढ्या मगरी आहेत माहीत आहे ना?

घटप्रभा_गळ
मी हिडकलला चाललोय. दांडेली कुठं आली मध्येच?

अनगोळकर_मामा
हिडकल धरणात मासेमारी ठेक्यानं किंवा सोसायटीकडं असते. मत्स्य खात्याच्या ऑफिसात जाऊन आधी विचार, गळ टाकायला चालतं का ते. नाहीतर डबा राहील, कायाक जप्त होईल. आणि राकसकोपचा विचार सुद्धा करू नको, ते गावाचं प्यायचं पाणी आहे.

दांडेली_रिटर्न
हिडकलचं पाणी पण बेळगावला येतं की मामा.

अनगोळकर_मामा
येतं. नळाला किती दिवसांनी येतं तो वेगळा धागा काढा.

पुणे_थर्मल
डब्याची मापं दिली तर बर्फ किती लागेल ते काढून देतो. पफची जाडी आधीच सांगितली आहे.

घटप्रभा_गळ
आतून लांबी 60, पुढं रुंदी 36, मागं 24, खोली 25 सेंटिमीटर. मला बर्फाचा हिशोब नको होता, पण असू दे. नख लावलो. बाजूंना कडक लागतंय, वरनं चिकट. तळाला दोन कोपऱ्यांत नख रुततंय.

उद्यमबाग_फिटर
म्हणजे दोन्ही कारणं आहेत. आधी तळ. डबा घरात आण, ताडपत्रीचा तंबू कर आणि हॅलोजनचा दिवा लांबून लाव. पफ जळेल इतका जवळ नको. निम्मं का होईना हार्डनर आत आहे, ऊब मिळाली तर पिकण्याची शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी परत नख. तरी रुतत असेल तर तेवढा भाग पुट्टीच्या पत्रीनं खरवडून काढ, पफपर्यंत गेलं तरी चालेल, आणि मोजून मिक्स करून नवी मॅट मार, कडेनं दोन-तीन बोटं वर चढव.

मग बाजू. अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं चिकटपणा पुसून काढ, नाहीतर घासायचा पेपर लगेच भरतो. त्यावर 80 नंबर पेपर, धूळ झाड, मेणवाला टॉपकोट सगळीकडं एक हात. अ‍ॅसिटोन वापरताना हॅलोजन बंद आणि दारं-खिडक्या उघडी, यात चेष्टा नको. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसशील.

मालवणी_फायबर
मेणवाल्या थरार परत मॅट मारूची झाली तर आधी घासून मेण काढूचा. नाय तर नवो थर सालीसारखो सुटता.

पुणे_थर्मल
हिशोब: सरासरी रुंदी 30 धरली तर आत 45 लिटर, आतलं क्षेत्रफळ साधारण 0.8 चौरस मीटर. चार सेंटिमीटर पफ, बाहेर 32 अंश, आत 0. आत शिरणारी उष्णता सुमारे 16 वॉट. म्हणजे दहा तासांत पावणेदोन किलो बर्फ नुसता डबा गार ठेवण्यात वितळणार. आता पाच किलो मासे 28 अंशांवरून शून्यावर आणायचे तर आणखी दीड किलो. दोन्ही मिळून सव्वातीन, झाकण उघडझाक धरून पाच किलो न्या.

आता गंमत बघा. पफऐवजी तेवढ्याच जाडीचा थर्माकोल असता तर पावणेदोनच्या जागी अडीच किलो वितळला असता. एका दिवसाच्या फेरीला फरक पाऊण किलो बर्फाचा. झाकणाची फट नीट बंद केली नाही तर त्याहून जास्त जाईल. दाराला लावतात ती रबराची पट्टी झाकणाला चारी बाजूंनी लावा.

निपाणी_नाका
म्हणजे थर्माकोलचा डबा चालला असता. मी दुसरं काय सांगत होतो?

घटप्रभा_गळ
तो खड्ड्यात बसत नाही हो!

कारवार_खाडी
मॅट किती थर आणि किती वजनाची? मला डब्याच्या वजनाची काळजी वाटते.

घटप्रभा_गळ
450 ची, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम. बाहेरनं तीन, आतनं दोन.

कारवार_खाडी
मग रिकामा डबाच नऊ-दहा किलो झाला. वर पाच किलो बर्फ, पाच किलो मासे. वीस किलो वजन सीटच्या मागं, आणि झाकण कायाकच्या काठाच्या वर येणार. धरणात वारा सुटला की लाटा येतात, तेव्हा मागचं टोक दबून बसेल. बाहेरनं दोन थर पुरले असते. आता निदान पुढच्या बाजूला, पायाकडं, पाण्याचा कॅन वगैरे ठेवून तोल साध. डबा कायाकला भोकं पाडून बोल्ट करू नकोस, पट्ट्यांनी बांध. आणि बिजागरी कुठं लावलीस?

घटप्रभा_गळ
सीटच्या बाजूला.

कारवार_खाडी
मग उघडलेलं झाकण तुझ्या पाठीवर येईल आणि हात आत जाणार नाही. बिजागरी मागच्या टोकाला घे, झाकण मागं पडलं पाहिजे. त्यातही झाकणाच्या सीटकडच्या भागात मासा जाईल एवढी छोटी खिडकी ठेवलीस तर उत्तम. दरवेळी सगळं झाकण उघडायला नको, पुणेकरांचा बर्फ पण वाचेल.

शहापूर_वहिनी
हिडकलचा कटला आणायचा असेल तर डोकं वेगळं ठेवायचं, आंबटाला चांगलं होतं. बाकीचे तुकडे हळद-मीठ लावून ठेवा. चिखलाचा वास येतो त्याला चिंचेचं पाणी.

दांडेली_रिटर्न
गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासा नव्हे. बेळगावच्या कॅम्पात समुद्राचा येतो, तो घ्यावा.

शहापूर_वहिनी
कॅम्पात येईपर्यंत त्यानं किती बर्फ बघितलेला असतो, विचारा जरा. हा समोर धडपडणारा आणणार आहे.

मालवणी_फायबर
बर्फात जरा पाणी घाला. नुसत्या खड्यांक मासो सगळीकडून टेकत नाय, पाण्यात बुडालो काय लवकर गार होता.

घटप्रभा_गळ
अपडेट. हॅलोजननं एक कोपरा कडक झाला, दुसरा नाही. तो खरवडून नवी मॅट मारलो, यावेळी सिरिंजनं. टॉपकोट पण झाला, हात फिरवलो तर आता सुळसुळीत. रविवारी निपाणीवाल्यांचाच थर्माकोल नेलो, दोरीत अडकवून, वाऱ्यानं दोनदा फिरला. मत्स्य खात्यात पण जाऊन आलो, मामा म्हणाले तसंच आहे, तिथल्या सोसायटीला विचारूनच आत गेलो. आता फक्त डब्याचा वास राहिलाय. त्यात मासे ठेवले तर खाण्यात येईल काय?

उद्यमबाग_फिटर
येईल. स्टायरीनचा वास आहे तो, आणि मासा वास लगेच धरतो. झाकण उघडं ठेवून कडक ऊन दाखव, मग गरम पाणी आणि साबणानं धू. पाणी भरून रात्रभर ठेव, सकाळी ते पाणी हुंग. वास येतोय तोवर परत ऊन. वास गेल्यावर सुद्धा मासे आणि बर्फ जाड पिशवीत घालूनच ठेव, हे रेझिन काही खाण्याच्या भांड्यांसाठी केलेलं नसतं.

विमान_मॉडेल
इपॉक्सी वापरली असती तर ही वेळ आली नसती.

उद्यमबाग_फिटर
इपॉक्सी पण नीट पिकवावीच लागते. आणि तिच्यावर नंतर कधी पॉलिस्टरनं डागडुजी करून बघा, धरते का सांगा.

खानापूर_रोड
धागा आत्ताच वाचला. मला पण कायाक घ्यायची आहे. अल्टोच्या टपावर बसते काय? आणि तो डबा करून देणार असाल तर किती घेणार, मजुरी धरून?