कौलारू घराला उतार वाढवला तर खर्च नेमका कुठं वाढतो? (कळे, गगनबावडा रस्ता)

नवंघर_कळे

राम राम मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यात कळ्याच्या पुढं, गगनबावड्याच्या वाटेवर घर बांधतोय. फक्त तळमजला, बाहेरून बाहेर ३० बाय ४० फूट. स्लॅब नको, लोखंडी कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटींवर) मंगलोरी कौलं टाकायची आहेत. घर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं, आढं (छपराची मधली सगळ्यात उंच रेषा) ४० फुटी बाजूनं, चारी बाजूंनी भिंतीबाहेर २ फूट वळचण.

फॅब्रिकेटरनं २० अंश उताराचं कोटेशन दिलंय. घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, या भागातल्या पावसाला पसरट पाखी टिकायची नाहीत, ३० ते ३५ अंश तरी पाहिजेत. पुतण्याला ४५ अंशांचं उंच छप्पर पाहिजे. फॅब्रिकेटर म्हणतो, उतार वाढवला की सगळंच दीडपट होतं. हे खरं आहे का? नक्की काय वाढतं आणि कुठं थांबावं?

इस्टिमेट_करवीर

दीडपट होत नाही. तुमच्याच मापांवर हिशेब मांडतो, म्हणजे कोटेशन समोर ठेवून ताडून बघता येईल. दर मुद्दाम लिहीत नाही, ते हलत राहतात. मापं हलत नाहीत.

वळचण धरून छताचं सपाट माप ३४ बाय ४४, म्हणजे १४९६ चौरस फूट. त्याला कोनाच्या कोसाइननं भागलं की पाख्यांचं खरं क्षेत्र निघतं. आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून धरली आहे.

२० अंश (आडव्या फुटाला जवळपास साडेचार इंच चढ): १५९२ चौ. फूट, आढं साडेपाच फूट
३० अंश (फुटाला सात इंच): १७२७ चौ. फूट, आढं ८ फूट ८ इंच
३५ अंश (फुटाला साडेआठ इंचाला जरा कमी): १८२६ चौ. फूट, आढं साडेदहा फूट
४५ अंश (फुटाला फूट): २११६ चौ. फूट, आढं १५ फूट

म्हणजे २० वरून ३० ला गेलात तर छत साडेआठ टक्के वाढतं, ३५ ला १५ टक्के आणि ४५ ला ३३ टक्के. कौलं चौरस मीटरला १५ धरली तर २० अंशाला सुमारे २२२०, ३० ला २४१०, ३५ ला २५५० आणि ४५ ला २९५० लागतात. फुटतुटीचे ५ टक्के वर धरा. २० आणि ३० मधला फरक १९० कौलांचा. रिपा (कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या) ३२ सेंटिमीटरवर धरल्या तर साधारण १२५ फूट रीप जास्त. एवढ्यासाठी कोणी उतार कमी करू नये.

खरी वाढ बघा कुठं होते. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती २० अंशाला मिळून १६४ चौ. फूट होतात, ३० ला २६०, ३५ ला ३१५ आणि ४५ ला ४५०. छत ३३ टक्के वाढतं तेव्हा ही भिंत पावणेतीन पट होते, आणि कोटेशन कैच्या-कौलांचं असल्यामुळं ती त्यात दिसतच नाही. गवंड्याच्या बिलात निघते. २० ऐवजी ३० केलं तर ९ इंची भिंतीला मॉड्युलर विटेच्या हिशेबानं हजारभर विटा आणि दोन्ही बाजूंनी मिळून १९० चौ. फूट गिलावा वाढतो.

शिवाय २०१६ च्या भूकंप नकाशात कोल्हापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या झोनमध्ये येतं. उंच त्रिकोणी भिंत ही अशा वेळी पहिल्यांदा बाहेर कोसळणारी गोष्ट. तिच्या पायथ्याशी आडवा आणि दोन्ही तिरक्या कडांवरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावाच लागतो, आणि आढ्याखाली मधोमध एक कॉलम. तिरका पट्टा ३० अंशाला दोन्ही टोकं मिळून ६९ फूट भरतो. हे वाचवायचं असेल तर पट्ट्याच्या वरचा त्रिकोण विटेत न करता लोखंडी चौकटीत सिमेंट शीट आणि वरच्या भागात झडपा असा करा. वजन उतरतं आणि माळ्यावरची गरम हवा बाहेर जायला वाट मिळते. पश्चिमेकडच्या टोकाला मात्र झडपांच्या पात्या खाली झुकत्या आणि एकमेकींवर चढलेल्या घ्या, मागं बारीक जाळी मारा. नाहीतर जुलैत माळा भिजेल.

कैचीवाला_शिरोली

लोखंडाचं गणित उलटं आहे, म्हणून लिहितो. उतार वाढला की लोखंड त्याच प्रमाणात वाढतं असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही.

कैचीच्या खालच्या आडव्या पाइपातला ताण कैचीच्या उंचीच्या उलट प्रमाणात असतो. साडेपाच फुटांऐवजी पावणेनऊ फूट उंची मिळाली तर तेवढ्याच वजनाला तो ताण एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. वरच्या तिरक्या पाइपातला दाबही उतरतो. भर म्हणजे आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागाप्रमाणे उतरत्या छताचा चल भार, म्हणजे वर चढणाऱ्या माणसांचा-सामानाचा, १० अंशांपर्यंत चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन धरतात, पुढं दर अंशाला ०.०२ नं कमी करतात, पण ०.४ च्या खाली जात नाहीत. म्हणजे २० अंशाला ०.५५ आणि ३० ला किमान मर्यादा ०.४. कौलांचं वजन रिपांसकट चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास, ते साडेनऊ टनांवरून साडेदहा टनांच्या जवळ जातं. या सगळ्याची गोळाबेरीज केली तर ३० अंशाच्या कैचीचं वजन २० च्या कैचीपेक्षा फार वेगळं येत नाही.

३५ च्या पुढं मात्र फासा उलटा पडतो. मधल्या उभ्या आणि तिरक्या कांड्या लांब होतात. लांब कांडी दाबाखाली मोडत नाही, ती वाकते. ते टाळायला एकतर पाइप जाड घ्यायचा, नाहीतर मध्ये आणखी कांड्या टाकायच्या. ४५ ला वेल्डिंगची ठिकाणं वाढतात आणि वरच्या अंगाला बाजूचे बांध, म्हणजे कैच्या एकमेकींना धरून ठेवणारे पाइप, वाढतात. तिथं लोखंड खरंच चढतं.

वाऱ्याचंही बघा. पसरट छताला वारा वर उचलायला बघतो. १० अंशाच्या आसपास हे ओढणं सगळ्यात जास्त. बुटक्या घराच्या ३० अंशाच्या छताला वाऱ्याच्या बाजूच्या पाख्यावरचं ओढणं जवळपास संपतं आणि ४५ ला तो पाख्याला उलट दाबतो. आडोशाच्या पाख्यावर ओढणं तिन्ही ठिकाणी राहतंच. वळवाच्या वावटळीत घाटाकडे पत्रे आणि कौलं उडतात ती बहुतेक पसरट छपरांची आणि कडेच्या ओळींची. म्हणून उतार कितीही ठेवा, वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांच्या ओळी तारेनं रिपेला बांधायच्याच. कौलाच्या पाठीमागं त्यासाठी भोक असतं. ४५ अंशाला सगळीच कौलं बांधावी लागतात आणि ती मजुरी वेगळी.

वाहतुकीची एक गोष्ट: ३४ फूट लांब आणि दहा-बारा फूट उंच कैची अखंड नेता येत नाही. आढ्यात आणि खालच्या पाइपात बोल्टचा जोड ठेवून अर्ध्या-अर्ध्या आणायच्या. जोडाच्या प्लेटा आणि बोल्ट कोटेशनमध्ये स्वतंत्र मागा.

नवंघर_कळे

दादा, दोघांचेही आभार, हे कुणी इतकं मोडून सांगितलं नव्हतं. आणखी तीन गोष्टी विचारतो. त्रिकोणी भिंतच नको म्हणून चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार, केलं तर? जुनी कौलं स्वस्त मिळतायत, ती चालतील का? आणि २० अंश कौलाला खरंच कमी आहेत का?

कौलं_कोने_राधानगरी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. मंगलोरी कौलाला फुटाला सहा इंच, म्हणजे साडेसव्वीस अंश, हा मी तळ धरतो. गगनबावड्याच्या वाटेवर सात इंच. त्याखाली काय बिघडतं ते सांगतो. कौलाच्या जोडात पाणी वाहून नेणाऱ्या बारीक खाचा असतात. उतार कमी असला की पाणी रेंगाळतं आणि समोरून वारा आला की ते वरच्या कौलाखाली मागं ढकललं जातं. त्यात धूळ आणि झाडाचा पाला खाचेत बसला की वाट बंद. कौल सतत ओलं राहतं, शेवाळ धरतं, शेवाळानं जोड आणखी उचलला जातो. दोन-तीन पावसाळे बरं चालतं, मग ठिबकायला लागतं आणि कौल तर कुठंच फुटलेलं दिसत नाही. २० अंशच ठेवायचे असतील तर कौलांखाली पत्रा किंवा पाणी अडवणारी चादर टाकून वर उभ्या आणि आडव्या अशा दुहेरी रिपा कराव्या लागतात. तो खर्च उतार वाढवण्याच्या खर्चापेक्षा नक्की जास्त.

चौपाखीला त्रिकोणी भिंत जाते हे खरं. त्याच उताराला कौलांचं क्षेत्रही तेवढंच राहतं. पण कोने, म्हणजे आढ्यावर आणि धारांवर बसणारी कौलं, मोजा. दुपाखीला आढ्यावर ४४ फूट. ३० अंशाच्या चौपाखीला आढं फक्त १० फूट आणि चार कोपऱ्यांच्या धारा प्रत्येकी २६ फूट, मिळून ११४ फूट. या चारही धारांच्या दोन्ही अंगांना प्रत्येक ओळीतलं कौल तिरकं कापावं लागतं. कापलेल्या कौलाची रिपेत अडकणारी खुंटी पुष्कळदा जाते, मग ते नुसत्या मसाल्यावर टिकतं आणि तिथंच पुढं निसटतं. कापलेलं प्रत्येक कौल तारेनं बांधून घेणार असाल तरच चौपाखी करा. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात अशी व्हॅली कुठंही येऊ देऊ नका. पोर्चला वेगळं, खालच्या पातळीवरचं छप्पर द्या.

कोन्याखालचा मसाला एकास तीनपेक्षा (एक सिमेंट, तीन वाळू) कडक नको. फार सिमेंट घातलं की तो आकसतो, केसासारख्या भेगा पडतात आणि आढ्यातून पाणी उतरतं. मसाला कोन्याच्या कडेबाहेर फुगवून लिंपू नका, कडेच्या आत दाबून ठेवा.

जुनी कौलं चालतात, पण एकाच छापाची. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत. पाठीवरचा शिक्का बघून घ्या. बोटाच्या पेरानं वाजवा, खणखणीत आवाज पाहिजे, बद्द आवाज म्हणजे आत चीर. पाच-सहा कौलं कोरडी तोला, २४ तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. पाचव्या हिश्श्यानं जड झाली तर तो लॉट घेऊ नका. रिपांचं अंतर कौल हातात आल्यावरच ठरवायचं. फॅब्रिकेटरनं आधी रिपा वेल्ड केल्या आणि कौल दुसऱ्या मापाचं आलं तर सगळ्या तोडाव्या लागतात.

मजुरी: फुटाला सात इंचापर्यंत माणूस रिपांवर बसून सरकत काम करतो. साडेआठला आढ्यावरून अडकवलेली शिडी आणि कमरेला दोर लागतो. ४५ ला पूर्ण परांची. आणि हे एकदाच नाही. दर मे महिन्यात फुटकी कौलं बदलायला, पाला काढायला वर जावं लागणार, वानरांचा वावर असला तर वर्षात दोनदा. पुतण्याला ४५ पाहिजे असेल तर दरवर्षी वर कोण चढणार तेही आधी ठरवा.

नकाशा_मंजुरी

पाणी आणि मंजुरी राहिली.

एका पाख्याचं सपाट क्षेत्र ७४८ चौ. फूट, म्हणजे जवळपास ७० चौरस मीटर. ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप साधारण ४३ चौरस मीटर छताचं पाणी ओढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन पाइप, उतार कितीही असला तरी. उतार वाढला की पाण्याचा वेग वाढतो आणि ते अरुंद पन्हळीवरून उडी मारतं. ३० अंशाला पन्हळ ८ इंच रुंद घ्या, बाहेरची कड कौलाच्या रेषेच्या किंचित खाली ठेवा आणि ब्रॅकेट दर २ फुटांवर.

उंची मोजताना रस्त्याकडे त्रिकोणी भिंत असेल तर राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या व्याख्येप्रमाणे वळचण आणि आढं यांच्या मधल्या पातळीपर्यंत धरतात. एकमजली घराला अडचण नाही, पण नकाशावर आढ्याची उंची लिहिलेली असू द्या. कैच्या झाल्यावर उतार बदलला तर नकाशा पुन्हा करावा लागतो.

सोलर बसवणार असाल तर कोल्हापूर १६.७ अक्षांशावर आहे, पॅनेलचा कल तेवढाच असलेला बरा. ३० अंशाच्या दक्षिण पाख्यावर थोडंसंच उत्पादन घटतं. कौलांतून बाहेर येणारे हुक आत्ताच कैचीला वेल्ड करून घ्या. नंतर कौलं फोडून बसवले की तिथं गळणारच.

नवंघर_कळे

मग ३० अंश, दुपाखी, पूर्वेच्या टोकाला वीट आणि पश्चिमेला चौकट-झडपा असं ठरवतो. फॅब्रिकेटरकडं नवं कोटेशन मागताना काय काय वेगळं लिहून घेऊ?

कैचीवाला_शिरोली

लोखंड किलोवर, रिपा धावत्या फुटावर, जोडाच्या प्लेटा-बोल्ट नगावर, रंगकाम प्रायमरचे दोन हात धरून, चढवणी वेगळी, परांची वेगळी, पन्हळ धावत्या फुटावर. कौलं बसवायची मजुरी ब्रासवर (एक ब्रास म्हणजे १०० चौ. फूट), तुमच्या छताला सव्वासतरा ब्रास. कोने वेगळे, तारबांधणी वेगळी.

आणि कौलं चढवताना दोन्ही पाख्यांवर बरोबरीनं चढवायला लावा, चार ओळी इकडं, चार ओळी तिकडं, खालून वर. एकच पाखं आधी पूर्ण भरलं तर पाच टन एका अंगाला येतात, कैच्या कलतात आणि मग दुसऱ्या बाजूच्या रिपांत कौल बसत नाही. कैच्यांमधले तिरपे बांध पूर्ण वेल्ड झाल्याशिवाय एकही कौल वर जाऊ देऊ नका.