‘ना’ : नकाराचा, होकाराचा आणि आर्जवाचा

‘सांग ना’मधला ‘ना’ नकाराचाच आहे का? असेल तर आग्रहाच्या वाक्यात तो काय करतो? आणि ‘नालायक’, ‘नापसंत’ यांतला ‘ना’ तोच की निराळा? जाणकारांनी उलगडून सांगावं.

*

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. ‘नालायक’, ‘नापसंत’, ‘नाराज’, ‘नाइलाज’ यांतला ‘ना’ फारसीतून आला. पण फारसी ‘ना’ आणि संस्कृत ‘न’ एकमेकांना परके नाहीत. दोघांचं मूळ एकच, इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन यांच्या समाईक पूर्वज भाषेतला) ‘ने’. लॅटिन ‘नोन’, रशियन ‘न्येत’, इंग्रजी ‘नो’ हेही त्याच कुळातले. म्हणजे मराठीत हा नकार दोन वाटांनी आला. एकदा संस्कृत-प्राकृतातून (‘नये’, ‘नव्हे’, ‘नसणे’) आणि पुन्हा एकदा फारसीच्या दारातून.

या दुसऱ्या वाटेवरचा माझा आवडता शब्द ‘नेस्तनाबूत’. मूळ फारसी ‘नेस्त-ओ-नाबूद’. ‘नेस्त’ म्हणजे ‘नाही’. तो आपल्या ‘नास्ति’चा थेट नातलग. ‘बूद’ म्हणजे ‘होता’, आणि त्यामागचा धातू आपल्या ‘भू’शी (होणे, असणे) जुळतो. एकूण अर्थ ‘नाही आणि नव्हताही’. शत्रूला नुसतं संपवून भागत नाही, तो कधी काळी होता हेही पुसून टाकायचं! ‘नापास’ही मजेदार आहे. उपसर्ग फारसी, शब्द इंग्रजी, आणि इंग्रज माणसाला मात्र तो कळणार नाही.

‘अज्ञात’मधला ‘अ’ आणि ‘अनादि’मधला ‘अन्’ हेही त्याच ‘ने’चे आखडलेले अवतार. ग्रीक ‘आग्नोतोस’, लॅटिन ‘इग्नोतुस’, इंग्रजी ‘अननोन’ आणि संस्कृत ‘अज्ञात’ या चारही शब्दांत नकारही एक आणि ‘जाणणे’ हा धातूही एकच.

एक सावधगिरी. सुरुवातीला ‘ना’ दिसला की नकार समजू नये. ‘नाजूक’मध्ये नकार नाही. ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, त्यातला ‘ना’ म्हणजे नाव, होडी. नावेचा धनी तो नाखवा.

*

वरच्या उत्तरात एक भर घालतो. ‘न’ म्हणजे ‘नाही’ हे समीकरण वेदांमध्ये तरी पक्कं नव्हतं. तिथे ‘न’चा दुसरा अर्थ ‘सारखा’, म्हणजे ‘इव’. वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात त्याचा कर्ता यास्क याने हे नोंदवलंय: बोलीत ‘न’ निषेधाचा, वेदात दोन्ही. ओळखायचं कसं, तेही तो सांगतो. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी ‘न’ येतो. ज्याची उपमा द्यायची त्याच्या नंतर. ‘नेन्द्रं देवममंसत’, म्हणजे इंद्राला देव मानलं नाही. पण ‘दुर्मदासो न सुरायाम्’ म्हणजे दारूच्या धुंदीत बेभान झालेल्यांसारखे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्राला सोमरसाचं बोलावणं आहे: ‘गौरो न तृषितः पिब’. तहानलेल्या रानगव्यासारखा पी. हा नियम माहीत नसला तर या ओळीचा अर्थ लावताना दमछाक होते.

आता नकाराच्या झिजण्याबद्दल. ‘न’ हा इतका छोटा, बिनजोराचा उच्चार की बोलण्याच्या ओघात तो ऐकूच येत नाही. मग लोक त्याला टेकू देतात. फ्रेंचांनी ‘न’सोबत ‘पा’ लावला. ‘पा’ म्हणजे पाऊल: ‘मी पाऊलभरही चालत नाही’. पुढे हा ‘पा’ चालण्याशी संबंध नसलेल्या क्रियापदांनाही चिकटला, आणि आजच्या बोली फ्रेंचमध्ये मूळ ‘न’ बहुतेकदा गळतो. नुसतं पाऊल उरतं आणि त्याचा अर्थ ‘नाही’! डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी 1917 साली ही चाल तपशिलात मांडली, म्हणून तिला येस्पर्सनचं चक्र म्हणतात. प्राचीन ग्रीकचा नकार ‘ऊ’, त्यात ‘न’चा मागमूस नाही. भाषाशास्त्रज्ञ वॉरेन काउगिल यांच्या मांडणीप्रमाणे तिथेही असंच घडलं: ‘ने’ला जोडीला घेतलेला शब्द आपल्या ‘आयु’चा सगा, अर्थ ‘आयुष्यात कधी’. ‘ने’ गेला, आयुष्य राहिलं. मला ही मांडणी पटते.

मराठीत टेकू भरपूर आहेत. तसूभरही हलला नाही, तिळमात्र शंका नाही, काडीची अक्कल नाही. आपल्याकडे ‘नाही’ अजून ठणठणीत असल्यामुळे तो गळलेला नाही. तरी ‘जमेल का?’ला ‘छे, अजिबात!’ एवढंच म्हणून थांबणारे भेटतात. ‘डोंबल!’ म्हणणाऱ्यांना तर ‘नाही’ची गरजच पडत नाही.

*

मूळ प्रश्न राहिलाच की, ‘सांग ना’चा.

माझ्या मते हा ‘ना’ नकारातूनच निघालाय, पण वाटेत त्याने नकार टाकून दिला. पहिली पायरी ‘येशील ना?’. हे ‘येशील की नाही?’चं आटलेलं रूप. विचारणाऱ्याला उत्तर ‘हो’ हवंय, आणि ते काढून घ्यायला तो नकार पुढे करतो. हे काही मराठीचंच वैशिष्ट्य नाही. पोर्तुगीज लोक वाक्यामागे ‘ने?’ लावतात, ते ‘नाही का हे?’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचं आकुंचन. संस्कृतात ‘ननु’ आहे: न अधिक नु, ‘नाही का बरं?’. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष (म्हणजे पुढे खोडायचा आक्षेप) उभा करताना हाच ‘ननु’ येतो, आणि तिथे तो नकार न राहता ‘अहो, पण’ असा होतो. दुसऱ्या पायरीवर प्रश्न गळतो आणि आर्जव उरतं: ‘सांग ना’, ‘चल ना’. तिसऱ्या पायरीवर तेही उरत नाही. ‘मी ना, काल ना, गेलेच नाही’ यातले पहिले दोन ‘ना’ फक्त ऐकणाऱ्याचं लक्ष धरून ठेवतात.

जपानी ‘ने’ जवळपास हेच काम करतो, पण त्याचं-आपलं नातं काही नाही; तो योगायोग. योगायोगाचे आणखी नमुने हवे असतील तर कोरियन भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. ग्रीकमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’, आणि ‘नाही’ला ते ‘ओही’ म्हणतात. चेक लोकांचा ‘हो’ म्हणजे ‘आनो’, घाईत नुसता ‘नो’. तेव्हा ‘न’च्या उच्चारातच नकार भरलाय, नाक मुरडण्यातून तो आला, वगैरे जे सांगितलं जातं त्यात दम नाही.

जागा बदलली की मराठीत काय होतं तेही बघा. ‘तो आला नाही ना?’ म्हणणाऱ्याला तो यायला नको आहे. ‘तो नाही ना आला!’ म्हणणारी त्याची वाट बघून कंटाळली आहे. आणि ‘हो ना!’मध्ये तर दोघं शेजारी बसतात, तरी नकार कुणालाच ऐकू येत नाही.