नुसत्या रिंगा बदलू की बोअर करून घेऊ? (३५० सीसी, एक सिलिंडर)

रविवारचा_पाना
नमस्कार मंडळी. पुशरॉडचं एक सिलिंडरचं जुनं इंजिन घरीच खोललंय. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी, बॅरल म्हणजे सिलिंडर बिडाचं. गाडी बरीच वर्षं उभी होती. चालू झाली, पण रेस दिली की निळा धूर, चढावर तर फारच. खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासलं. कोरडं ७५ पीएसआय, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडल्यावर १०५.

आता हेड आणि बॅरल उतरवलंय. पिस्टनवर खोल चरे नाहीत. बॅरलच्या आत वरच्या टोकाशी नख फिरवलं की कड लागते. माझ्याकडे फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) आणि व्हर्नियर आहे, बोअर गेज नाही. होता होईल तेवढं काम स्वतःच्या हाताने करायचंय, त्यामुळे बॅरल बाहेर द्यायचं जिवावर आलंय. त्याच मापाच्या पिस्टनच्या नव्या रिंगा टाकून इंजिन बांधलं तर चालेल का, की बॅरल बोअर करून (आतून मोठं कापून) घ्यावं लागेल?

टॅपेट
वॉल्व्ह गाईड (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) तपासलेत का? हेड उलटं ठेवून पोर्टात थोडं रॉकेल ओता, वॉल्व्हच्या कडेने पाझरलं तर सीट (वॉल्व्ह टेकून बंद होतो ती जागा) गेलीय. वॉल्व्ह थोडा उचलून बाजूला हलवून बघा, खडखड हलला तर गाईड.

काळंतेल
गाईड बघाच, हेड हातात आहे तोवर. पण गाईडचा धूर बहुधा थ्रॉटल सोडून उतार उतरल्यावर पुन्हा रेस दिली की येतो. तुमचा चढावर, जोर पडल्यावर येतोय. शिवाय ऑईल सोडल्यावर कॉम्प्रेशन चढलं, म्हणजे दाब पिस्टनच्या बाजूने खाली निसटतोय. नुसते वॉल्व्ह गळत असते तर ऑईलने एवढा फरक पडला नसता.

नख अडकतंय ती कड फार महत्त्वाची आहे. वरची रिंग जिथवर पोचते तिथवर बोअर झिजतो, त्याच्या वर मूळ माप तसंच राहतं. झीज सगळ्यात जास्त तिथेच, कारण स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि त्याच जागी पिस्टन क्षणभर थांबत असल्याने ऑईलचा थर सर्वांत पातळ असतो. जुन्या रिंगेची कोर झिजून गोलसर झालेली असते, ती निभावून नेते. नव्या रिंगेची कोर धारदार असते. ती कडेवर आपटते आणि रिंग तुटते, किंवा पिस्टनचा खाचेजवळचा काठ फुटतो. म्हणून कड लागत असताना माप न घेता रिंगा टाकायच्या नाहीत, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

बोअर गेज नसलं तरी अडत नाही. पिस्टनवरची एक रिंग काढा, बॅरलमध्ये घाला आणि पिस्टनच्या माथ्याने ढकला, म्हणजे ती तिरकी न होता सरळ बसते. तिच्या दोन टोकांमधली फट फीलरने मोजा. एकदा अगदी तळाशी, जिथे रिंग कधी घासतच नाही, आणि एकदा कडेच्या लगेच खाली. दोन्हीतला फरक भागिले ३.१४, तेवढा व्यास वाढलाय. रिंग जुनी असली तरी बिघडत नाही, दोन्हीकडे तीच वापरल्याने तिची झीज वजाबाकीत निघून जाते. आकडे इथे टाका.

रविवारचा_पाना
मोजलं. तळाशी ०.४० मिमी, कडेखाली ०.८५. वॉल्व्ह रॉकेलला थोडे पाझरतात, गाईड मात्र घट्ट आहेत.

काळंतेल
०.४५ भागिले ३.१४, म्हणजे जवळपास ०.१४ मिमी. बोअर करावाच लागेल. ०.०५ च्या आत असतं तर कड काढून, हलकं होनिंग (दगडाने आतून बारीक चर पाडणं) करून रिंगा टाका म्हटलं असतं.

आता ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठा) पिस्टन घेताना ०.२५ चा मोह होईल, कारण झीज ०.१४ च दिसतेय. जरा थांबा. स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एकाच भिंतीवर रेटला जातो आणि झीज एका अंगाला जास्त होते. समजा सगळी ०.१४ एकाच बाजूची आहे. सिलिंडरचा मध्य न हलवता बोअर केला तर प्रत्येक बाजूने निदान ०.१४ काढावं लागेल, म्हणजे व्यासात ०.२८. ०.२५ च्या पिस्टनसाठी एका बाजूने फक्त ०.१२५ निघतं, तिथे जुना ओरखडा राहू शकतो. बोअर गेज असलेल्याकडून दोन दिशांनी, तीन उंचींवर मोजून घ्या. माझा अंदाज ०.५० चा.

आधी पिस्टन, मग बोअर, हा क्रम मोडू नका. पिस्टन पुरता गोल नसतो आणि वरपासून खालपर्यंत एकसारखाही नसतो. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) काटकोनात, स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) मोजून, त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली मोकळी जागा) धरून बोअरचं माप ठरतं. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याच्या इंजिनापेक्षा जास्त क्लिअरन्स लागतो, तेव्हा मॅन्युअलमधला आकडा कागदावर लिहून पिस्टनसोबत द्या.

बोअरिंग तेवढं बाहेर, बाकी सगळं तुमच्याच हातचं. वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घरी बसवता येतील, सीटवर सगळीकडे सारखी करडी पट्टी उमटेपर्यंत. नव्या रिंगेची फट बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ मिमी धरा, म्हणजे तुमच्याकडे ०.२८ ते ०.३०. कमी भरली तर बारीक कानशीने एकच टोक घासा.

आणि होन झालेलं बॅरल धुणं. पेट्रोल-रॉकेलने ऑईल जातं, पण दगडाची भुकटी चरांमध्ये तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आतून फिरवायचं, करडं निघालं की पुन्हा धुवायचं. फडकं पांढरं निघालं की लगेच वाळवून ऑईल चोळायचं, कारण बीड बघता बघता गंजतं.

टॅपेट
बॅरल बाहेर आहे तोवर बिग एंडही (रॉडचं क्रँककडचं टोक) बघून घ्या. रॉड वरखाली ओढला तर जराही चाल नको, आडवी थोडी चालते. सर्क्लिप (गजन पिन अडवणाऱ्या कड्या) नवेच टाका, आणि काढताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करा, आत पडला तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं.

रविवारचा_पाना
बिग एंड ठीक आहे, वरखाली अजिबात हलत नाही. पिस्टन मागवतो, बॅरल त्याच्यासोबतच देईन. चालू झाल्यावर सुरुवातीला नुसतं आयडलवर ठेवू का तासभर?

काळंतेल
नको. आयडलवर रिंगेमागे दाबच नसतो, ती भिंतीला बसत नाही आणि होनचे चर गुळगुळीत होऊन जातात. गरम झालं की गाडी रस्त्यावर काढा. मध्यम रेस, वेग सतत कमीजास्त, मधूनच थ्रॉटल सोडायचा. लांब चढावर खेचत नेऊ नका. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की हेडचे नट क्रमाने पुन्हा टॉर्कला (ठरलेल्या जोराने आवळून) आणा आणि टॅपेटची (वॉल्व्ह हलवणाऱ्या भागाची) फट तपासा. पहिलं ऑईल लवकर बदला, काढलेलं स्वच्छ भांड्यात घ्या आणि त्यात काय चमकतंय ते इथे कळवा.