मदत हवी आहे: आईचं वजन उतरतंय, पोट मात्र टम्मच. जिवाणू, चरबी आणि स्नायूंचं गणित कुणी समजावेल का?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी,

आई ६३ वर्षांची, सांगलीला असते. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू आहे. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल 'थोडे दिवस' म्हणून सुरू झालं ते थांबलंच नाही. वर्षभरात वजन ६४ वरून ५७ वर आलंय. लग्नाकार्यात भेटणारे सगळे "काय छान बारीक झालात, आम्हालाही सांगा काय करता ते" म्हणतात, आणि आईही मनातून खूश आहे.

मला मात्र ते बरं दिसत नाही. ब्लाउजच्या बाह्या लोंबतात आणि परकराची नाडी रोज संध्याकाळी सैल करून बांधावी लागते. सकाळी पोट ठीक असतं, दुपारी जेवली की तासाभरात टम्म. खुर्चीतून उठताना हाताला काहीतरी धरावं लागतं. फिजिओथेरपीच्या ठिकाणी त्या चरबी-स्नायू दाखवणाऱ्या मशीनवर उभं केलं, तर चरबी ३८ टक्के निघाली. वर्षापूर्वी तिथेच ३६ होती. सात किलो गेले आणि चरबीचा टक्का वाढला, म्हणजे गेलं ते काय?

थायरॉइड, सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार), एंडोस्कोपी सगळं नॉर्मल. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी ग्लुकोज प्यायला देऊन श्वासाची चाचणी केली. दीड तासाच्या आत श्वासातला हायड्रोजन (जिवाणू साखर आंबवतात तेव्हा निघणारा वायू) २० पीपीएमच्या, म्हणजे दशलक्षात २० भागांच्या, वर चढला, मिथेन नाही. निदान 'सिबो', म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची नको तेवढी वाढ. बी-१२ कमी आणि फोलेट (तेही ब गटातलंच जीवनसत्त्व) मात्र भरपूर. रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिक १४ दिवस लिहून दिलंय.

आता माझा गोंधळ. नेटवर वाचावं तर निम्मे लोक म्हणतात सिबोने माणूस वाळतो, निम्मे म्हणतात सुटतो. आईच्या बाबतीत खरं काय? आणि स्नायू भरून यायला प्रथिनं द्यायची तर कशातून? आई माळकरी आहे, अंडं घरात येत नाही. तूर, चवळी, छोले खाल्ले की रात्रभर पोट डब्ब राहतं.

एक जाता जाता: चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, तेव्हा तिचं पोट हमखास बरं असतं. ती याचं श्रेय पांडुरंगाला देते.

औंधकर:

ताई, दोन्ही खरं आहे. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयातल्या रुची माथुर आणि मार्क पिमेंटेल यांच्या गटाने २०१३ मध्ये श्वासचाचणी झालेल्या ७९२ लोकांचे आकडे तपासले. ज्यांच्या श्वासात मिथेन आणि हायड्रोजन दोन्ही जास्त, त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आणि चरबीचा टक्का बाकीच्यांपेक्षा जास्त निघाला. नुसता हायड्रोजन जास्त असलेल्यांत तसं दिसलं नाही. मिथेन करणारा जीव मुळात जिवाणूही नाही, आर्किया या जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातला आहे. मिथेनने आतड्याची चाल मंदावते, म्हणून अन्नातून जास्त कॅलरी ओढल्या जात असतील असा तर्क आहे. अर्थात दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. काकूंना मिथेन नाहीच, तेव्हा सुटण्याची गोष्ट त्यांना लावू नका.

त्यांचं चित्र जुन्या पुस्तकातलं वाटतं. जिवाणू पित्तातल्या आम्लांची मोडतोड करतात, मग चरबी नीट पचत नाही आणि तिच्यासोबत अ, ड, ई जीवनसत्त्वंही निसटतात. बी-१२ ते स्वतःच खातात आणि फोलेट तयार करतात, म्हणून तुमच्या रिपोर्टमधली ती उलटसुलट जोडी. पण मेटफॉर्मिननेही बी-१२ उतरतं आणि शाकाहारात ते आधीच कमी. सगळं खापर सिबोवर फोडू नका. ड मात्र तपासून घ्या.

उगाचच:

मशीनचा टक्का फार मनावर घेऊ नका. ते शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. पाणी कमी पडलेलं असलं की चरबी फुगवून सांगतं. मोजायचं तर दरवेळी सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. आशियाई बायकांसाठी ३३ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे स्नायू घटल्याची शंका. दुसरं, हात छातीशी घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावा, कुणीतरी शेजारी उभं राहा. १२ सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा.

आणि आपल्याकडे 'वजन बेताचं म्हणजे तब्येत उत्तम' हे तसंही चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बीएमआय दोघांचाही २२.३. चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काकूंकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असणार, आणि त्यातून खर्च चाललाय.

पथ्यपाणी:

पांडुरंगाचं श्रेय राहू द्या, पण कांदा-लसणात फ्रुक्टन नावाचं कर्बोदक असतं. ते आपल्याला पचत नाही, जिवाणूंना मेजवानी. गव्हातही असतं, म्हणून काही दिवस पोळीऐवजी ज्वारीची भाकरी नाहीतर भात देऊन बघा. लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. फ्रुक्टन तेलात उतरत नाही. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, तोही बघा.

प्रथिनं: ५७ किलोला दिवसाला साधारण ५७ ते ६८ ग्रॅम, मात्र आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघून, कारण मधुमेह आहे. टोफू, घरचं पनीर, चक्का (पाण्यासोबत बरीचशी साखर निघून जाते), मूगडाळीचं वरण वाटीभरच. राजमा-छोले तूर्त विसरा. हे कडक पथ्य कायमचं नाही हं. दोन-चार आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचा, नाहीतर वजन आणखी उतरेल.

दर तासाला बिस्किट, फरसाण, चहा चालू असतो का? पोट रिकामं असताना लहान आतड्यात दीड-दोन तासांनी झाडू मारल्यासारखी लाट येते. सतत चरत राहिलं तर ती येतच नाही.

कृष्णाकाठची:

खूप आभार सगळ्यांचे. चरणं अगदी बरोबर ओळखलंत, साखर उतरेल या भीतीने ती पर्समध्ये बिस्किटं ठेवते. टेप लावली, पोटरी ३१.५ भरली. उठबस अजून करून घेतली नाही, भाऊ घरी असताना घेईन.

अजून एक विचारते. पॅन्टोप्राझोल आणि मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांना कसं विचारू? मी स्वतःहून बंद करणार नाहीये.

औंधकर:

सरळ विचारा: "पॅन्टोप्राझोल अजून कशासाठी लागतंय?" पोटातलं आम्ल जिवाणूंना अडवतं, ते दाबलं की वाट मोकळी. पण एकदम तोडलं तर आम्ल उसळून येतं, म्हणून डोस उतरवत न्यायचा असतो. मेटफॉर्मिन एकट्याने साखर क्वचितच खाली नेतं; सोबत ग्लिमेपिराइड (साखर जास्त खाली नेऊ शकणारी गोळी) किंवा इन्सुलिन आहे का, ते आधी चिठ्ठीवर बघा. असेल तर खाण्यातलं अंतर डॉक्टरांना विचारूनच वाढवा. आणि मधुमेहाने आतड्याच्या नसा मंदावल्यात का, हेही विचारून घ्या. तसं असेल तर १४ दिवसांच्या गोळ्यांनंतर हे परत उलटू शकतं.