प्रदर्शनात पुस्तक दिसलं की लगेच घ्यावं का?

रानवाट (धागाकर्ते)
डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, साहित्य संमेलनासोबत पुस्तकांचे गाळे लागतात, आणि पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक तर बारा महिने आहेच. सगळीकडे एकच चित्र: यादीत तीन पुस्तकं, पिशवीत पंधरा. ही खरेदी आवरायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला साधा हिशेब पुरतो.

250 पानांचं पुस्तक तासाला 30 पानांच्या वेगाने वाचलं तर सव्वाआठ तास लागतात. रोज अर्धा तास वाचणाऱ्याचे एका पुस्तकात सतरा दिवस जातात, म्हणजे वर्षाला एकवीस-बावीस पुस्तकं. दिवाळी अंकांचा महिना-दीड महिना वजा केला की उरली जेमतेम एकोणीस. एकाच प्रदर्शनात पंधरा घेतली तर पुढचं वर्ष जवळपास भरलं.

सवलतीतही हीच गोम आहे. 400 रुपये छापील किंमत, 20 टक्के सूट, 80 रुपये वाचले म्हणून आनंद. पण पुस्तक वाचलंच नाही तर 320 अडकले. संच आणखी फसवे. 300 रुपयांची पाच पुस्तकं हजारात मिळतात, पण हवी असतात त्यातली दोन. ती दोन 10 टक्के सवलतीने सुटी घेतली तर 540 रुपयांत काम होतं.

उपाय: पहिली फेरी पाकिटाला हात न लावता मारायची. आवडलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढायचा, गाळा क्रमांक टिपायचा, घरी यायचं. दुसऱ्या दिवशी फोटो न बघता जी नावं आठवतील तेवढीच घ्यायची.

जुनी_पोथी
असहमत. मराठी पुस्तक वाट बघत थांबत नाही. आवृत्ती हजाराची, बरेचदा पाचशेचीच. ती संपली की पुढची निघेलच याची खात्री कोण देणार? जुन्या पुस्तकांचं तर विचारूच नका. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकाची संगणकावर फाइलच नसते. पुन्हा काढायचं तर सगळा मजकूर नव्याने टाइप करा, दोन-तीन वेळा प्रुफं तपासा, वारसदारांशी करार करा. तीनशे प्रती खपतील अशा पुस्तकासाठी एवढा खर्च कुठला प्रकाशक करणार?

शासनाने 1979 पासून काढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड घ्या. किंमत अगदी कमी, मागणी प्रचंड, तरी छपाई रखडली. इतकी, की वर्तमानपत्रातली बातमी वाचून 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात ती उगाच नाही. गावात पुस्तकाचं दुकान नसतं, आणि या वर्षी दिसलेला खंड पुढच्या वर्षी असेल याचा भरवसा नसतो. याला मोह म्हणायला माझी तयारी नाही. दुसऱ्या फेरीची चैन पुण्या-मुंबईत राहणाऱ्यालाच परवडते.

कोरांटी
हा वाद पुस्तक हातात घेऊनच सोडवता येतो. मुखपृष्ठ उलटा आणि आवृत्त्यांचा तपशील छापलेलं पान काढा, बहुधा तिसरं किंवा चौथं. 'पहिली आवृत्ती 2009, सहावी आवृत्ती 2023' असं असेल तर खुशाल थांबा, ते पुन्हा मिळेल. एकच आवृत्ती, साल पंचवीस वर्षांपूर्वीचं, कडा पिवळ्या, छापील किमतीवर नव्या किमतीची चिकटपट्टी, ही सगळी शेवटच्या उरलेल्या प्रतींची लक्षणं, तिथे थांबू नका. साल सापडलं नाही तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक बघा. 2007 पासून तो 13 अंकी झाला. 10 अंकीच असेल तर प्रत बहुधा त्याआधीची आहे.

लेखकाच्या निधनाला 60 वर्षं उलटून गेली असतील तर बिलकूल घाई नको. स्वामित्वहक्क संपल्यावर ते कुणालाही छापता येतं, आणि खपणारं असेल तर तीन-चार प्रकाशक काढतातच. अशा वेळी स्वस्त प्रतीपेक्षा नीट प्रुफं तपासलेली प्रत शोधावी.

पैसे देण्याआधी आणखी दोन मिनिटं द्या. पुस्तक मधोमध उघडून शिवण बघा. फर्म्याच्या (एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून केलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) मध्यावर दोरा दिसला तर ते टिकेल. नुसत्या गरम सरसावर चिकटवलेलं असेल तर पूर्ण उघडताच पाठ कडकन वाजते, आणि मग पानं सुटायला लागतात. दुसरं, पृष्ठक्रमांक. फर्मा बहुधा 16 पानांचा असतो, म्हणून 16 नंतर 17, 32 नंतर 33, 48 नंतर 49 आहे ना एवढं चाळून बघा. एखादा फर्मा गळणं किंवा दोनदा लागणं ही बांधणीतली नेहमीची चूक आहे, आणि प्रदर्शन उठल्यावर प्रत बदलून मिळणं अवघड.

सुपारीबाग
किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आधी जागेचा विचार करावा. नेहमीच्या डेमी (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) आकाराच्या पुस्तकांची फूटभर ओळ सहा-सात किलो भरते. तीन फुटांच्या फळीवर दोनशे पानी साधारण सत्तर पुस्तकं बसतात, म्हणजे वीस किलो. 12 मिमीचा प्लाय एवढ्याने झोल खातो. 18 मिमीचा घ्या आणि अडीच फुटांवर उभा आधार द्या. खोली नऊ-दहा इंचच ठेवा. पंधरा इंच ठेवली की मागे दुसरी ओळ लागते, आणि तिच्यातलं पुस्तक विसरून तेच पुन्हा विकत घेतलं जातं.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, दोन इंच अंतर सोडा. ओळ इतकी गच्च नको की बोट शिरणार नाही. हवा अडली की बुरशी, आणि ओलीबरोबर कसर. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर वर्षभर कपाट बंद ठेवू नये. जुन्या बाजारातून आणलेलं पुस्तक, कीड मरावी म्हणून, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर गार कागदावर दव धरतं. त्यातली कीड बाकीच्या शंभर पुस्तकांत शिरली तर नुकसान फार मोठं.

रानवाट
@जुनी_पोथी, चैत्यभूमीचा मुद्दा मान्य. तिथे माझा हिशेब चालणार नाही. पण शहरातल्या वाचकाने ग्रंथालयाकडे पाठ का फिरवावी? 1967 च्या कायद्यामुळे राज्यभर अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. तिथे पुस्तकाची मागणी लेखी द्या, ते आलं की वाचा, आणि पुन्हा वाचावंसं वाटलं तरच विकत घ्या. राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात.

जुनी_पोथी
ग्रंथालयं हवीतच. पण तिथे एकच प्रत येते, जीर्ण झाली की बाद होते, आणि बाद झालेलं पुस्तक बाजारात नसेल तर तो विषयच संपला. कोशाची किंवा संदर्भग्रंथाची सहाशे पानं मोबाइलवर स्कॅन उघडून बघणंही काही खरं नाही. अशी पुस्तकं सलग वाचायची नसतात, लागेल तेव्हा हाताशी असावी लागतात. त्यांना तासाला तीस पानांचा हिशेब कसा लावणार?

एक करता येईल. शंका असेल तर गाळ्यावरच विचारा किंवा प्रकाशकाला फोन करा: किती प्रती शिल्लक आहेत, नवी आवृत्ती काढताय का? छोट्या मराठी प्रकाशनांत फोन बहुतेकदा मालकच उचलतात आणि खरं ते सांगतात. 'दोनशे आहेत' म्हणाले तर तुमची दुसरी फेरी जरूर मारा. 'वीस-पंचवीस असतील' म्हणाले तर त्याच फोनवर एक प्रत बाजूला ठेवायला सांगा आणि संध्याकाळपर्यंत पैसे पाठवा.