मदत हवी आहे: चढावर तापणारी जुनी महिंद्रा एमएम ५४०

मंडळी, राधानगरी-चंदगडकडच्या कच्च्या, आडबाजूच्या वाटांसाठी जुनी एमएम ५४० जीप तयार करतोय. इंजिन मूळचं प्युजो डिझेल. हायवेवर तापमानाचा काटा मधोमध राहतो, पण लो गिअरमध्ये दगडी चढ लागला की पाणी उकळायला येतं. रेडिएटर आतून चोंदला असता तर वेगातही तापली असती; म्हणजे हवा कमी पडतेय.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) गरम पाण्यात तपासला, ८२ अंशांच्या आसपास उघडतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, त्यामुळे हेड गॅस्केटवर (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांमधल्या सीलवर) संशय नाही. बेल्ट, कॅप नवी. पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असलेलं कडं, मात्र गायब आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं श्राउड नीट बेतून कुठं मिळेल? पाती निम्मी आत, निम्मी बाहेर हवीत आणि टोकाशी पाऊण इंच फट. इंजिन माउंटिंगवर हलतं, फट कमी ठेवली की पाती घासतात.

काहीजण रेडिएटरला नळ्यांच्या चार रांगांचा जाड पितळी कोअर (आतली जाळी) सुचवतात. मला पटत नाही, सावकाश फिरणारा पंखा जाड कोअरमधून पुरेशी हवा ओढत नाही. कुणी याच गाडीवर श्राउड आणि जाड कोअर दोन्ही करून पाहिलंय का? इलेक्ट्रिक पंखा नको, ओढ्यात वायरिंग भिजलं तर तिथं दुरुस्ती होत नाही.