हँडल थरथरतंय? आधी कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघ

भावा, कागलकडून येताना बाईकचा ताशी ८० वरून थ्रॉटल सोडला की ६० च्या आसपास हँडल डावं-उजवं थरथरतं, असं तू लिहिलंस आणि वर दोघांनी चाकाचं बॅलन्सिंग सुचवलंय, शिवाय स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा भाग) बसवण्याचा सल्लाही आलाय. बॅलन्सिंगचा दोष बहुधा ठराविक वेगाला जाणवतो, थ्रॉटल चालू असो की बंद. तुझं लक्षण कोनसेट नाहीतर पुढच्या टायरकडे बोट दाखवतंय.

डबल स्टँडवर लाव, मागं कुणालातरी बसव, पुढचं चाक उचलेल. फोर्कचे खालचे नळे धरून पुढं-मागं ओढ. टक् टक् लागलं तर कोनसेट ढिला. मग हँडल एका बोटानं हळू फिरव. सरळ आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर रेसवर (बेअरिंगच्या कड्यांवर) वण पडलेत, नट आवळून उपयोग नाही, सेटच बदल. आणि आवळायचं झालं तर मापात, की राव! जास्त आवळला की मंद वेगात गाडी झोकांड्या खाते.

कोनसेट ठीक निघाला तर टायरवर तळहात फिरव. एका बाजूनं गुळगुळीत, उलट बाजूनं करवतीसारखं लागलं तर कपिंग, म्हणजे टायर असमान झिजलाय. नक्षी शिल्लक असली तरी टायर गेला.

डॅम्पर बसवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, त्यानं दुखणं नुसतं झाकलं जातं. शंभरच्या पुढं अख्खी गाडी मागून डुलते ती भानगड वेगळी, तिथं टॉप बॉक्समधलं ओझं, मागच्या टायरची हवा आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बघायचं.

हँडलवरचे हात सोडून चाचणी मात्र हायवेवर नको, कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळच्या ट्रकांत तर नाहीच. टायर कधीचा आहे ते टाक इथं.